सेवासदनच्या रमाबाई

सोलापुरात सेवासदन म्हटलं की आपल्याला मुलींची शाळा आठवते. मी पडले कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझा त्या नावाशी संबंध रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरताच होता. पण मागच्या वर्षी माझ्या मावसबहिणीने एका हॉस्पिटलातली नर्सची नोकरी सोडली. काम आवडत नव्हतं म्हणून नाही. सलग नाइट ड्यूटी, राहायला धड खोली नाही, आणि कुणीही यावं नि ओरडून जावं! तेव्हा आजीने रमाबाई रानड्यांचं नाव काढलं आणि मी वाचायला बसले.

रमाबाईंचा जन्म १८६२ चा, देवराष्ट्रे गावचा. अकराव्या वर्षी महादेव गोविंद रानडे यांच्याशी लग्न झालं, तेव्हा त्यांना लिहिता-वाचताही येत नव्हतं. रानड्यांनी त्यांना शिकवलं. इंग्रजी शिकते म्हणून घरातल्या बायकांनी टोमणे मारले, ते त्यांनी मुकाट्याने सोसले. १९०१ मध्ये न्यायमूर्ती रानडे गेले. पुढे रमाबाई येरवड्याच्या तुरुंगात स्त्री कैद्यांना आणि ससून हॉस्पिटलात रोग्यांना भेटायला जाऊ लागल्या. १९०९ मध्ये त्यांनी गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीने पुण्यात सेवासदन सुरू केलं. पुढे सोलापूरलाही त्याची शाखा निघाली.

सेवासदनने बायकांना नर्सिंग शिकायला ससूनमध्ये पाठवायचं ठरवलं, पण जाणार कोण? परक्या पुरुषांची शुश्रूषा, कुठल्याही जातीच्या रोग्याला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचं. चांगल्या घरच्या बाईचं हे काम नव्हे, असं लोक सरळ म्हणत. ज्या तरुण विधवा पुढे आल्या, त्यांना नावं ठेवली गेली.

मला आवडलं ते हे, की रमाबाई नुसतं सेवेचं मोठेपण सांगत बसल्या नाहीत. सेवासदनने शिकणाऱ्या नर्सेससाठी हॉस्टेल काढलं. दिवसभर राबून आल्यावर सुरक्षित जागा, आपल्यासारख्याच मैत्रिणी, आणि पाठीशी उभी राहणारी समाजातली वजनदार बाई. आज आपण ज्याला जॉब सॅटिस्फॅक्शन म्हणतो, त्याचा पाया त्यांनी एकही सर्व्हे न करता घातला.

रमाबाई १९२४ मध्ये गेल्या. १९६२ मध्ये त्यांचं पोस्टाचं तिकीट निघालं.

आपण इंजिनिअर लोक मशीनला लोड किती, कूलिंग किती, मेंटेनन्स कधी, याचा हिशोब चोख ठेवतो. नर्सला मात्र सिस्टर म्हटलं की आपली जबाबदारी संपली. ताई आता दुसरीकडे लागली आहे. पगार तेवढाच आहे, पण तिथे नर्सेसना राहायला खोली आहे आणि मेट्रन त्यांची बाजू घेते. ती खूश आहे.