महाभारताचा डिफ काढणारा माणूस

डेटा वर्कफ्लोच्या टूलमध्ये दोन व्हर्जन्स शेजारी उघडली, की नेमकं काय बदललं ते रंगाने कळतं. हेच काम पुण्यात कागदावर चालायचं, हे वाचल्यापासून विष्णु सीताराम सुकथनकर मला आपल्याच धंद्यातले वाटतात.

जन्म १८८७ चा. केंब्रिजला गणित, मग बर्लिनला पीएचडी. १९२५ मध्ये भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची सूत्रं त्यांच्याकडे आली. काश्मीरपासून केरळपर्यंतच्या पोथ्या, प्रत्येकीत पाठ वेगळा, आणि मूळ फाइल कुठेच नाही!

पद्धत बघा. उभा-आडवा आखलेला कागद. वरच्या ओळीत प्रचलित श्लोक, एकेक अक्षर सुटं. खाली प्रत्येक पोथीला एक ओळ. फरक असेल तो त्याच अक्षराच्या खाली लिहायचा. सेल-बाय-सेल डिफच की हा!

मर्ज करताना मात्र वाईटपणा घ्यावा लागतो. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहिलं, ही आपली लाडकी गोष्ट बऱ्याच पोथ्यांत नव्हती. त्यांनी ती मुख्य संहितेतून काढली. पण डिलीट नाही केली, परिशिष्टात ठेवली. कुणालाही आजही तपासता येते.

१९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण झालं, १९४२ मध्ये आरण्यकपर्व. जानेवारी १९४३ मध्ये ते गेले. बाकीची पर्वं इतरांनी त्याच पद्धतीने पुढे नेली. काम संपायला १९६६ उजाडलं.