पुस्तकांची कुलपे काढणारा गणिती

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात देवघेवीच्या खिडकीवर एक फोटो टांगलेला आहे. डोक्याला पांढरा फेटा, डोळ्यांवर चष्मा. दरवर्षी १२ ऑगस्टला त्याला हार घालतात. पहिल्या वर्षी मला वाटले, संस्थेला देणगी देणारे हे कोणी शेठजी असतील. विचारायचे धाडस झाले नाही. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. पुस्तकाला हात लावण्याआधी कोणाची परवानगी घ्यायची असते, हेही मला ठाऊक नव्हते. त्यामुळे वर्षभर मी खिडकीपर्यंत जाई, चिठ्ठी देई आणि मिळेल ते पुस्तक घेऊन परत येई.

यंदा त्या फोटोतल्या माणसाची खरी ओळख झाली. ते म्हणजे शियाली रामामृत रंगनाथन, भारतातील ग्रंथालयशास्त्राचे जनक.

त्यांचा जन्म १८९२ साली तामिळनाडूतील शियाली या गावी झाला. वडील लहानपणीच वारले. बोलताना ते अडखळत, तरीही त्यांनी शिक्षकच व्हायचे ठरवले आणि प्रयत्नाने तो दोष पुष्कळसा घालवला. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजातून ते गणित घेऊन एम. ए. झाले. तेथील प्राध्यापक एडवर्ड रॉस यांच्यावर त्यांची फार भक्ती होती. पुढे मंगळूर, कोइमतूर आणि मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज येथे त्यांनी गणित शिकवले. शिक्षकाने नुसते व्याख्यान द्यावे आणि मुलांनी ते उतरवून घ्यावे, ही रीत त्यांना पसंत नव्हती. मुलांनी स्वतः वाचावे, चर्चा करावी आणि वर्गाचे केंद्र ग्रंथालय असावे, असे त्यांचे मत होते.

१९२४ साली मद्रास विद्यापीठाने त्यांना ग्रंथपाल नेमले. या जागेसाठी सुमारे नऊशे अर्ज आले होते आणि ग्रंथालयाचे शिक्षण घेतलेला त्यांत एकही नव्हता, असे सांगतात. रंगनाथन यांचे त्या विषयाचे ज्ञानही ज्ञानकोशातील एका लेखापुरतेच होते. कामावर रुजू झाल्यावर तर त्यांचा जीव गुदमरू लागला. मुलांनी भरलेला वर्ग सोडून आलेल्या माणसाला ती शांतता सोसवेना. काही दिवसांतच ते आपल्या जुन्या जागेवर परत घ्या म्हणून सांगायला गेले. अखेर तडजोड झाली. लंडनला जाऊन ग्रंथालयाचे शिक्षण घ्यावे, परत आल्यावरही मन रमले नाही तर गणिताची जागा आहेच.

हे वाचून मला धीर आला. एवढ्या थोर माणसालाही ग्रंथालयात पहिल्यांदा करमले नव्हते तर!

लंडनमध्ये त्यांनी कितीतरी ग्रंथालये पाहिली. तेथे मजूर, गृहिणी, मुले पुस्तके नेताना दिसली आणि आपल्याकडे पुस्तके कपाटात कुलूपबंद का, हा प्रश्न त्यांना छळू लागला. एकदा त्यांनी एका मोठ्या दुकानात मेकॅनोचा खेळ पाहिला. त्याच पट्ट्या आणि तेच स्क्रू जोडून विक्रेता निरनिराळी यंत्रे बनवत होता. त्यावरून त्यांना सुचले की, प्रत्येक विषयासाठी आधीच ठराविक खण पाडून ठेवण्यापेक्षा विषयाचे घटक जोडून त्याचा क्रमांक बनवता येईल. हीच पुढे द्विबिंदू वर्गीकरण पद्धती झाली. ती १९३३ साली प्रसिद्ध झाली.

१९२५ साली परतल्यावर त्यांनी गणिताकडे पुन्हा वळून पाहिले नाही. वाचकांना कपाटांपर्यंत जाऊ दिले आणि वाचकाला हवे ते शोधून देणे हे ग्रंथपालाचे मुख्य काम ठरवले. आपल्या साऱ्या कामाच्या मुळाशी काय आहे, याचा विचार करीत असता १९२८ साली रॉस सरांच्या सहज बोलण्यातून त्यांना पहिले सूत्र मिळाले. ग्रंथ वापरण्यासाठी असतात. मग बाकीची चार आली. प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचवावा आणि ग्रंथालय ही वाढती संस्था आहे. त्याच वर्षी त्यांची पत्नी रुक्मिणी अपघातात गेली. दुःख पोटात घालून ते काम करीत राहिले. पंचसूत्रांचा ग्रंथ १९३१ साली निघाला.

आता आमची गोष्ट सांगते. द्वितीय वर्षाला आम्हां पाच मुलींच्या गटाला १९७२ च्या दुष्काळावर प्रकल्प मिळाला. आम्ही पाचहीजणींनी एकच पुस्तक मागितले आणि ते कोणी आधी न्यायचे यावर भांडलो. मला तर काहीच सापडत नव्हते. गटातून नाव काढून घ्यावे, असे मी ठरवले होते. ग्रंथपाल मॅडमनी आम्हांला आत बोलावले, फोटोकडे बोट दाखवले आणि रंगनाथन यांची युक्ती सांगितली. कोणताही विषय ते पाच अंगांनी पाहत. विषयाचा मुख्य गाभा, द्रव्य, क्रिया, स्थळ आणि काळ. तुम्ही पाचजणी, अंगेही पाच, वाटून घ्या, असे त्या म्हणाल्या.

स्थळ जिच्याकडे आले तिला जिल्हा गॅझेटियर आणि जनगणनेची पुस्तिका मिळाली. काळ जिच्याकडे तिला तालुक्याच्या वाचनालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फाइली. द्रव्य म्हणजे पाणी, धान्य आणि सुकडी. क्रिया म्हणजे दुष्काळी कामे आणि त्यांतून पुढे १९७७ साली झालेला रोजगार हमीचा कायदा. मुख्य गाभा होता माणसे, तो माझ्या वाट्याला आला. माझी आजी त्या साली खडी फोडायला जात होती. तिचे सांगणे पुस्तकात नाही, मग ते चालेल का, असे मी भीत भीत विचारले. मॅडम म्हणाल्या, कोणत्या दिवशी, कोणी, कुठे सांगितले ते लिहून ठेव आणि गॅझेटियरशी पडताळून पाहा. आजीला मी प्रथमच वही घेऊन प्रश्न विचारले. ती आधी हसली, मग रात्री उशिरापर्यंत बोलत राहिली.

रंगनाथन मद्रासला वीस वर्षे राहिले. पुढे त्यांनी बनारस आणि दिल्ली विद्यापीठांत काम केले. मद्रास प्रांताचा १९४८ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा त्यांच्याच प्रयत्नांचे फळ होय. महाराष्ट्रात असा कायदा १९६७ साली झाला. त्यांनी आयुष्यभराच्या बचतीतून एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला दिले आणि दुसऱ्या पत्नी शारदा यांच्या नावे अध्यासन सुरू केले. १९५७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९६२ साली बंगलोरला त्यांनी प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारले. एकट्या संशोधकाचे दिवस सरले, आता संशोधन अनेकांनी मिळून करायचे असते आणि त्यांना वेळेवर माहिती पुरवणारा ग्रंथपालही त्या कामातला भागीदार असतो, ही त्यामागची दृष्टी होती. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगलोरला त्यांचे निधन झाले. त्याच साली आमची आजी खडी फोडत होती. तिला त्यांचे नाव कधी कळले नाही.

आता चार वर्षांची ऑनर्स पदवी आली आहे आणि प्रकल्प सर्वांनाच करावे लागतात. आमच्यासारख्या मुलांच्या घरी विचारायला कोणी नसते. त्यांना ग्रंथालयाचे दार उघडून आत घेणारा माणूस हवा असतो. पुस्तके त्यानंतरची गोष्ट.

आमचा प्रकल्प पूर्ण झाला. मॅडमनी त्याची एक प्रत बांधून घेतली, दाखल नोंदवहीत चढवली आणि तिच्यावर दाखल क्रमांक घातला. गॅझेटियरच्या शेजारीच ती ठेवली आहे. पाचव्या सूत्राचा अर्थ मला त्या दिवशी कळला. येत्या १२ ऑगस्टला आजीला ग्रंथालयात आणायचे आहे. तिला वाचता येत नाही, पण तिचे नाव कुठल्या पानावर आहे ते मी तिला दाखवीन.