तिजोरीत सात कोटी शिल्लक होते, तरी गोखल्यांनी सरकारचं अभिनंदन केलं नाही

२६ मार्च १९०२. कलकत्त्यात व्हाईसरॉय लॉर्ड कर्झनच्या कौन्सिलमध्ये बजेटवर चर्चा सुरू होती. सरकारी तिजोरीत सुमारे सात कोटी रुपये शिल्लक पडले होते. साहजिकच सरकारचं कौतुक चाललं होतं. तेवढ्यात ३५ वर्षांचे गोपाळ कृष्ण गोखले उभे राहिले आणि या अभिनंदनात आपण सहभागी होऊ शकत नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं.

कारण देशात नुकतेच दोन मोठे दुष्काळ पडून गेले होते, प्लेग सुरूच होता. मग एवढा पैसा आला कुठून?

गोखल्यांनी हिशोब मांडला. रुपयाचा भाव घसरला म्हणून सरकारने आधी कर वाढवले होते. मिठावर मणामागे अडीच रुपये कर होता. पुढे रुपया सावरला, पण कर तसेच राहिले. म्हणजे ही शिल्लक देशाची भरभराट नव्हती, तर गरिबाकडून गरजेपेक्षा जास्त घेतलेला पैसा होता. वर त्यातला मोठा वाटा लष्करावर जायचा आणि शाळांच्या वाट्याला अगदी थोडा यायचा.

गोखल्यांना पैशाची किंमत लहानपणीच कळली होती. १८६६ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकमध्ये त्यांचा जन्म झाला. वडील लवकर गेले. थोरले भाऊ गोविंदराव पंधरा रुपये पगारातले आठ रुपये त्यांच्या शिक्षणासाठी पाठवायचे. १८८४ मध्ये ते पदवीधर झाले, पुण्यात शिक्षक झाले. सरकारी आकडे कसे वाचायचे हे त्यांना न्यायमूर्ती रानड्यांनी शिकवलं.

तेव्हा कौन्सिलमधल्या सभासदांना बजेटवर बोलता यायचं, मतदान करता यायचं नाही. तरीही गोखले दरवर्षी आकडे घेऊन उभे राहायचे. १९०३ मध्ये मिठाचा कर दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपयावर. आयकरातून सूट मिळण्याची मर्यादाही वर्षाला ५०० वरून १,००० रुपये झाली.

करात सवलत मिळाली, पण शाळांसाठी पैसा मिळवणं जास्त अवघड निघालं. बडोद्यात सयाजीरावांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं होतं. संस्थानाला जमतं, मग ब्रिटिश सरकारला का नाही? १९११ मध्ये गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. खर्चाचा दोन तृतीयांश भाग सरकारने आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थांनी उचलावा, असं त्यांनी सुचवलं. १९ मार्च १९१२ रोजी ३८ विरुद्ध १३ मतांनी ते फेटाळलं गेलं.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी गोखले गेले. सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा लागू झाला तो १ एप्रिल २०१० ला. गोखल्यांच्या विधेयकानंतर तब्बल ९९ वर्षांनी.