वासुदेव बळवंत फडके
वासुदेव बळवंत फडके (४ नोव्हेंबर, १८४५ : शिरढोण, पनवेल तालुका – १७ फेब्रुवारी, १८८३ : एडन) हे ब्रिटिश सत्तेविरुद्ध सशस्त्र उठाव करणारे भारतीय क्रांतिकारक होते. १८५७ च्या उठावानंतर महाराष्ट्रात शस्त्र हाती घेऊन स्वराज्याचा प्रयत्न करणारे म्हणून त्यांना 'आद्य क्रांतिकारक' असे संबोधले जाते. त्यांचा उठाव १८७९ मध्ये काही महिनेच टिकला.

जन्म व बालपण
फडके यांचा जन्म पनवेलच्या दक्षिणेस, कर्नाळा किल्ल्याच्या परिसरातील शिरढोण या गावी झाला. त्यांचे आजोबा अनंतराव हे कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ मध्ये हा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. वासुदेवांचे शिक्षण कल्याण, मुंबई व पुणे येथे झाले.

नोकरी व सार्वजनिक कार्य
मुंबईत काही किरकोळ नोकऱ्या केल्यानंतर फडके पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून म्हणून रुजू झाले. तेथे त्यांनी सुमारे १५ वर्षे नोकरी केली. आई सरस्वतीबाई आजारी असताना त्यांना वेळेवर रजा मिळाली नाही व आईची अखेरची भेट होऊ शकली नाही. या घटनेने त्यांच्या मनातील परकीय सत्तेविषयीचा रोष वाढला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या आर्थिक विषयांवरील व्याख्यानांमुळे त्यांना देशाच्या दारिद्र्याची कारणे समजली आणि त्यांनी स्वदेशीचे व्रत घेतले. वामन प्रभाकर भावे व लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासह त्यांनी पुण्यात पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन ही संस्था स्थापन केली. पुढे तीच महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी या नावाने ओळखली जाऊ लागली.

पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत त्यांनी तलवार, दांडपट्टा व नेमबाजी यांचे शिक्षण घेतले. पत्नी गोपिकाबाई यांनाही त्यांनी लेखन-वाचनाबरोबर शस्त्र चालविण्यास शिकविले.

तत्कालीन शस्त्रस्थिती
फडके यांच्या उठावाचे स्वरूप समजण्यासाठी त्या काळातील बंदुकांची माहिती आवश्यक ठरते. १८५७ च्या सुमारास कंपनीच्या फौजेत एनफिल्ड रायफल आली होती. तिच्या नळीला आतून आटे असल्याने नेम दूरवर लागे. मात्र दारू व गोळी नळीच्या तोंडातून ठासावी लागत असल्याने मिनिटाला जेमतेम तीन बार निघत. १८६६ पासून याच रायफलीत मागून काडतूस भरण्याची सोय करून 'स्नायडर' रायफल तयार करण्यात आली व बारांची संख्या मिनिटाला सुमारे दहापर्यंत गेली. १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्याने तिच्याहून सरस 'मार्टिनी-हेन्री' रायफल स्वीकारली. उठावाच्या अनुभवानंतर हिंदी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुने हत्यार ठेवण्याचे धोरण सरकारने अवलंबिले. त्यानुसार गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री, तर हिंदी शिपायांकडे स्नायडर अशी विभागणी झाली.

सर्वसामान्य रयतेकडे यांपैकी काहीच नव्हते. व्हाइसरॉय लिटन यांच्या कारकिर्दीत १८७८ मध्ये शस्त्र कायदा संमत झाला. परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हिंदी लोकांसाठी गुन्हा ठरला. युरोपीय लोकांना मात्र सूट मिळाली. बंडखोरांच्या हाती प्रामुख्याने तलवारी, भाले व तोड्याच्या बंदुका पडत. तोड्याच्या बंदुकीस जळती वात लागते. अंधारात ती माणसाचा ठावठिकाणा दाखविते व पावसात विझते. त्यामुळे समोरासमोरच्या लढाईत कवायती फौजेपुढे अशा टोळीचा टिकाव लागणे शक्य नव्हते.

उठाव
१८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. फडके यांनी गावोगाव फिरून लोकांची अन्नान्नदशा पाहिली आणि सशस्त्र उठावाचा निश्चय केला. सुशिक्षित व सधन वर्गाकडून साहाय्य न मिळाल्याने ते रामोशी समाजाकडे वळले. रामोशी, कोळी, धनगर आदी समाजांतील तरुण त्यांना येऊन मिळाले.

फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातील धामारी या गावावर त्यांनी पहिला छापा घातला. त्यानंतर पुणे जिल्ह्यातील अनेक गावांत सावकार व धनिकांची घरे लुटण्यात आली. या पैशातून माणसे, घोडे व हत्यारे जमवून मोठी फौज उभारावी, दळणवळण तोडावे व तुरुंग फोडावेत, अशी त्यांची योजना होती. प्रत्यक्षात लुटीतून मिळणारी रक्कम अपुरी पडे. शिवाय अनेक साथीदारांचे लक्ष लुटीतील वाट्याकडे अधिक असल्याचे पाहून फडके निराश झाले.

मे १८७९ मध्ये दौलतराव नाईक यांच्या नेतृत्वाखालील तुकडीने पनवेलजवळील पळस्पे व चिखले येथे छापे घातले. सुमारे दीड लाख रुपयांचा ऐवज हाती आला. तथापि परतीच्या वाटेवर मेजर डॅनियल यांच्या फौजेने तुकडीला गाठले. चकमकीत दौलतराव मारले गेले. फौज उभारण्यास पुरेसा पैसा प्रथमच मिळाला होता. तो हातचा गेला व उठावाचा कणाच मोडला.

अटक व खटला
फडके यांच्या अटकेसाठी सरकारने बक्षीस जाहीर केले, तेव्हा त्यांनीही मुंबईच्या गव्हर्नरविरुद्ध प्रतिबक्षीस जाहीर केले. श्रीशैल मल्लिकार्जुन येथे काही काळ राहिल्यानंतर निजामाच्या मुलुखातील रोहिल्यांना पगारावर घेऊन नवी फौज उभारण्याची खटपट त्यांनी चालविली होती. जुलै १८७९ मध्ये विजापूर भागातील देवर नावडगी येथे, आजारी व थकलेल्या अवस्थेत झोपेत असताना, डॅनियल व हैदराबादचे पोलीस अधिकारी अब्दुल हक यांनी त्यांना पकडले.

पुण्यात त्यांच्यावर राणीविरुद्ध युद्ध पुकारल्याचा खटला चालला. गणेश वासुदेव जोशी ऊर्फ सार्वजनिक काका यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. फडके यांनी स्वतः लिहिलेली रोजनिशी व आत्मचरित्र हेच त्यांच्याविरुद्धचे महत्त्वाचे पुरावे ठरले. नोव्हेंबर १८७९ मध्ये त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

एडन येथील कारावास व मृत्यू
जानेवारी १८८० मध्ये त्यांची रवानगी एडन येथील तुरुंगात झाली. तेथे कोठडीचे दार बिजागऱ्यांतून उचकटून त्यांनी पलायन केले. परंतु लवकरच ते पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी, १८८३ रोजी तुरुंगातच त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी त्यांचे वय ३७ वर्षे होते.

स्मृती
भारतीय टपाल खात्याने १९८४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले. २००७ मध्ये गजेंद्र अहिरे दिग्दर्शित मराठी चित्रपट त्यांच्या जीवनावर प्रदर्शित झाला. पनवेल येथील नाट्यगृहास 'आद्य क्रांतिवीर वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह' असे नाव देण्यात आले असून, शिरढोण येथे त्यांचे स्मारक आहे.