वासुदेवशास्त्री खरे : प्रश्न आणि संशोधनपद्धती

वासुदेव वामन खरे यांचा जन्म १८५८ मध्ये गुहागर येथे झाला. संस्कृताचे अध्ययन करून त्यांनी काही काळ पुण्यात व पुढे मिरजेच्या हायस्कुलात अध्यापन केले. नाना फडनवीसांचे चरित्र (१८९२) लिहिल्यानंतर त्यांच्यापुढील प्रश्न अधिक नेमका झाला : उत्तर पेशवाईतील राजकारण व मोहिमा प्रत्यक्षात दिवसागणिक कशा चालल्या?

या प्रश्नाला बखर पुरेशी नव्हती. घटनेनंतर रचलेल्या बखरीतून मागाहून बनलेले मत कळते. त्या दिवशीचा हेतू कळत नाही. म्हणून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’त त्यांनी पटवर्धनी दप्तरातील पत्रे कालक्रमाने लावली आणि त्यांना जोडणारे विवेचन लिहिले. अनेक पत्रांवर केवळ चंद्र, म्हणजे महिन्याची तारीख, असे. वर्ष आतील मजकुरावरून ठरवावे लागे. वर्ष चुकले, तर कार्यकारणही उलटे होई.

तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन म्हैसूरच्या मोहिमेत (१७९०–९२) व खर्ड्यास (१७९५) लढले आणि १७९९ मध्ये पट्टणकुडीस पडले. अशा सरदाराचे निर्णय पारखताना त्या क्षणी त्याला काय ठाऊक होते, हे क्रमबद्ध पत्रांवरूनच उमगते. तासगाव संस्थान १८४८ मध्ये खालसा झाले. पटवर्धनांचा पत्रव्यवहार मात्र अभ्यासकांच्या हाती राहिला.

या पद्धतीला मर्यादाही आहे. सरदारी दप्तर सरदाराचे मन सांगते. रयतेची स्थिती विचारणाऱ्यास गावचे हिशेब व महसुली कागदच धुंडाळावे लागतात. खरे १९२४ मध्ये निवर्तले. साधनांची निवड प्रश्नाने करावी, ही शिस्त त्यांच्या कार्याचे स्थायी फलित होय.