समुद्र शिकवणाऱ्या कार्सनबाई

लेकीचं सहावीत समुद्रावर प्रोजेक्ट होतं. एक किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार, हे तिला तोंडपाठ. पण नद्यांचं पाणी गोडं आणि समुद्र खारट का, म्हटल्यावर गाडी अडली! म्हणून मी लायब्ररीतून रेचल कार्सन यांचं 'द सी अराउंड अस' आणलं आणि स्वतःच वाचत बसले. आपल्याला 'सायलेंट स्प्रिंग'वाल्या, डीडीटीविरुद्ध लढलेल्या कार्सन ठाऊक असतात. मला भावल्या त्या या समुद्राच्या बाई.

जन्म १९०७चा, पेनसिल्व्हेनियातल्या स्प्रिंगडेलचा. नदीकाठचं गाव, समुद्र कुठच्या कुठे. कॉलेजात लेखिका व्हायला निघालेली ही मुलगी मध्येच बायॉलॉजीकडे वळली. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो १९२९ साली, बावीसाव्या वर्षी, वूड्स होलला. आपल्या कोकणातल्या पोरांना हे खरं वाटणार नाही.

पुढे जॉन्स हॉपकिन्समधून एम.ए. १९३५ मध्ये वडील गेले, १९३७ मध्ये बहीण. आई आणि दोन भाच्या यांचा संसार हिच्या पगारावर. सरकारी मत्स्यखात्यासाठी तिने सात-सात मिनिटांचे ५२ रेडिओ कार्यक्रम लिहिले आणि मग तिथेच नोकरीला लागली. दिवसा ऑफिस, रात्री स्वतःचं लिखाण. पहिलं पुस्तक नोव्हेंबर १९४१ मध्ये आलं, महिन्याभरात पर्ल हार्बर झालं. कोण वाचणार?

१९५१च्या 'द सी अराउंड अस'ने मात्र कमाल केली. ८६ आठवडे बेस्टसेलर यादीत! लेकीचा प्रश्नही सुटला: नद्या खडकांतले क्षार आणून टाकतात, पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. नद्यांतही क्षार असतातच, पण जिभेला कळणार नाहीत इतके थोडे.

शिक्षकांनी मात्र १९५५चं 'द एज ऑफ द सी' वाचावं. प्रकाशकाला हवं होतं किनाऱ्यावरच्या प्राण्यांचं गाइड, एकेका प्राण्याची माहिती देणारं. तसं लिहिताना बाई अडकल्या. शेवटी त्यांनी खडकाळ, वाळूचा आणि प्रवाळाचा असे किनारेच धरले. लाटेचा मार, भरती-ओहोटी, पाण्याचं तापमान, प्रवाह. यांवरून तिथे कोण राहणार हे ठरतं. एकदा हे कळलं की नावं पाठ करावी लागत नाहीत, असं मला वाटतं.

१९५७ मध्ये भाची वारली. तिचा पाच वर्षांचा मुलगा रॉजर पन्नाशीच्या उंबरठ्यावर बाईंनी दत्तक घेतला. मेनच्या किनाऱ्यावर त्याला अगदी लहानपणापासून घेऊन हिंडायच्या, रात्री टॉर्च घेऊन वाळूतले खेकडे शोधायच्या. मायक्रोस्कोपखाली पाहायला घरी आणलेले जीव नंतर परत समुद्रात नेऊन सोडायच्या.

मग 'सायलेंट स्प्रिंग', कंपन्यांची टीका आणि लोकांपासून लपवलेला कॅन्सर. १४ एप्रिल १९६४ रोजी इथे मेरीलँडमध्ये, सिल्व्हर स्प्रिंगच्या घरी त्या गेल्या. वय ५६. थोडी राख आईशेजारी पुरली, उरलेली मेनच्या त्या खडकाळ किनाऱ्यावर समुद्राला दिली.