नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख : राम दास कटारी

देश १९४७ साली स्वतंत्र झाला. भूदलाला १९४९ मध्ये आणि वायुदलाला १९५४ मध्ये भारतीय प्रमुख लाभले. नौदलाची सूत्रे मात्र १९५८ पर्यंत ब्रिटिश अधिकाऱ्यांकडेच होती. युद्धनौकांचा ताफा हाताळण्याचा दीर्घ अनुभव असलेले भारतीय अधिकारी तेव्हा मोजकेच होते. ही उणीव भरून काढणाऱ्यांत राम दास कटारी अग्रभागी होते.

८ ऑक्टोबर १९११ रोजी तत्कालीन मद्रास प्रांतातील चेंगलपट्टू येथे त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या ‘डफरिन’ या प्रशिक्षण नौकेवरील १९२७ च्या पहिल्या तुकडीचे ते छात्र होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते नौदलात दाखल झाले. १९५६ मध्ये भारतीय ताफ्याचे नेतृत्व प्रथमच एका भारतीयाकडे, म्हणजे त्यांच्याकडे आले आणि २२ एप्रिल १९५८ रोजी त्यांनी नौदलप्रमुखपदाची सूत्रे स्वीकारली.

किनाऱ्याच्या रक्षणाबरोबरच खोल समुद्रातही वावरण्याची क्षमता नौदलाला याच काळात लाभली. ४ मार्च १९६१ रोजी पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ बेलफास्ट येथे नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गोवा मुक्तीच्या कारवाईत नौदलाने भाग घेतला. अंजदीव बेटावर उतरताना ७ नौसैनिकांना वीरमरण आले.

कटारी १९६२ मध्ये निवृत्त झाले. पुढे त्यांनी ब्रह्मदेशात भारताचे राजदूत म्हणून काम पाहिले. जानेवारी १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्यानंतर नौदलाचे नेतृत्व सातत्याने भारतीय अधिकाऱ्यांकडेच राहिले आहे.